हसवणारा सिनेमाही मन लावून बघ

चि. सायलीस,


हल्ली काय पाहिलं आणि तू सुरुवात कुठून करावीस, असं विचारलंस. चार सिनेमे सुचवतो. पहिला सोडला तर बाकीचे हसवणारे आहेत; पण म्हणून ते जेवता जेवता, फोन चाळत बघू नकोस.

आधी व्हित्तोरिओ द सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८). युद्धानंतरचं रोम. अंतोनिओला भिंतींवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, पण त्यासाठी सायकल हवी आणि ती गहाण पडलेली. बायको अंथरुणावरच्या चादरी गहाण टाकून ती सोडवते. गहाणाच्या दुकानातला नोकर त्या चादरींचं गाठोडं घेऊन उंच मांडणीवर चढत जातो, तेव्हा दिसतं की वरपर्यंत अशीच गाठोडी रचलेली आहेत. एका घराची ओढाताण साऱ्या शहराची आहे, हे एका शब्दाविना कळतं. अंतोनिओ झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी स्वतः कारखान्यात कामगार होता.

अशी नजर बसली की जाक तातीचा ‘मिस्टर हुलोज हॉलिडे’ (१९५३) बघ. समुद्रकाठचं हॉटेल, संवाद नावापुरते. ताती कॅमेरा लांब ठेवतो. गंमत कुठल्या तरी कोपऱ्यात चाललेली असते, जेवणघराच्या दाराचा आवाजही हसवतो. मोबाइलवर यातलं निम्मं निसटेल.

मग ‘गुडबाय लेनिन’ (२००३). पूर्व बर्लिनमधली आई १९८९च्या ऑक्टोबरात कोमात जाते आणि आठ महिन्यांनी शुद्धीवर येते. दरम्यान भिंत पडलेली असते. तिला धक्का बसू नये म्हणून मुलगा नव्या बाजारातल्या काकड्या जुन्या बरणीत भरतो, मित्राकडून खोट्या बातम्या बनवून घेतो. हळूहळू त्या बातम्यांतून त्याला हवा होता तसा देश उभा राहतो. हसू आणि हळहळ इथे वेगळी करता येत नाहीत.

शेवटी आकी काउरिस्माकीचा ‘फॉलन लीव्ज’ (२०२३), जेमतेम ८१ मिनिटांचा. हेलसिंकीतल्या आन्साची सुपरमार्केटमधली नोकरी मुदत संपलेलं खाणं घरी नेलं म्हणून जाते. तिला भेटलेल्या होलाप्पाची कामं दारूपायी सुटतात. तिच्या फोन नंबरची चिठ्ठी त्याच्याकडून हरवते. रेडिओवर युक्रेनच्या युद्धाच्या बातम्या चालू असतात. चेहऱ्यावरची रेष न हलवता ही माणसं आपल्याला हसवतात. रोमच्या अंतोनिओपासून पंचाहत्तर वर्षं लोटली, तरी काम गेलं की माणसाची पत जाते, हे दुःख तेच आहे.

तेव्हा क्लासिक म्हटला की दबून जाणं आणि विनोदी म्हटला की सैलावणं, दोन्ही सोड. परीक्षणं नंतर वाच. पुण्यात राहतेस, तर महोत्सवात जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर लागला की आधी तो गाठ. आणि मला नुसतं ‘आवडला’ असं कळवू नकोस. एकच प्रसंग निवड, कॅमेरा कुठे होता, कोण गप्प राहिलं आणि तुला हसू नेमकं कशाचं आलं, ते सविस्तर लिही.

तुझा,
मामा