मोटारीच्या एसीतला गॅस जातो कुठे?

आमच्या आळीत एक टॅक्सीवाले काका राहतात. सोलापूरचा उन्हाळा काय असतो हे तेथल्या मुलांना सांगायला नको. एप्रिल उजाडला की काकांचा एक कार्यक्रम ठरलेला असे. गाडीतली हवा गार होईनाशी झाली की ते एका गॅरेजात जात, तेथला कारागीर “गॅस संपला” असे सांगून नवा गॅस भरून देई आणि काका पैसे मोजून परत येत. असे ओळीने तीन उन्हाळे चालले. चौथ्या वर्षी त्यांनी मला विचारले, “मास्तर, शेगडीचा गॅस संपतो हे समजते, तो जळतो. पण एसीचा गॅस काही जळत नाही. मग तो जातो कुठे?”

विद्यार्थी मित्रांनो, काकांचा हा प्रश्न कारागिराच्या उत्तरापेक्षा शहाणपणाचा आहे. एसीतला गॅस संपत नाही. मुळात तो खर्चच होत नाही.

विहिरीवरचा रहाट तुम्ही पाहिला नसेल, तर चित्रात तरी पाहिला असेल. माळेला बांधलेली गाडगी रिकामी खाली जातात, पाणी घेऊन वर येतात, ते ओततात आणि पुन्हा खाली जातात. पाणी उपसले जाते, गाडगी मात्र तीच राहतात. एसीतला गॅस म्हणजे ही गाडगी आणि उष्णता म्हणजे पाणी. गाडीच्या आत, डॅशबोर्डच्या मागे, नळ्यांचे एक वेटोळे असते. त्यात हा गॅस द्रवरूपात येतो आणि उकळतो. उकळायला उष्णता लागते, ती तो गाडीतल्या हवेतून घेतो आणि हवा गार होते. मग एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो. दाबलेली तापलेली वाफ गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जाते, तेथे बाहेरच्या वाऱ्याला उष्णता देऊन टाकते आणि पुन्हा द्रव होते. हा द्रव एका बारीक छिद्रातून पुन्हा आतल्या वेटोळ्यात जातो. हे चक्र बंद आहे. त्यात कोठेही जळणे नाही, झिजणे नाही. तेव्हा गॅस कमी झाला असेल, तर त्याचा अर्थ एकच: माळेतले एखादे गाडगे फुटके आहे. गळती शोधल्यावाचून गॅस भरणे म्हणजे भोक बुजवल्याशिवाय रांजण भरणे.

काकांच्या गाडीत आर-१३४ ए नावाचा गॅस होता. साध्या वातावरणाच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे तो द्रव स्थितीत ठेवायचा, तर चांगला दाब हवा. एंजिन बंद असताना, ३० अंश तापमानाला, नळ्यांतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोग्रॅमने जास्त असतो. मोटारीच्या चाकात तो दोन-सव्वादोन किलोग्रॅम असतो. एसी चालू केला की कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूला हाच दाब १५ किलोग्रॅमच्या घरात जातो.

येथे एक गंमत आहे आणि पुष्कळ जण तिला फसतात. दाब पाहून किती गॅस उरला आहे हे कळत नाही! घरातल्या सिलिंडरचेच पाहा. तो अर्धा झाला म्हणून शेगडीची ज्योत अर्धी होत नाही. आत द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, द्रव किती आहे यावर नाही. म्हणून उभ्या गाडीत ५०० ग्रॅम गॅस असो वा २०० ग्रॅम, दाबमापकाचा काटा जवळपास एकाच जागी उभा राहतो. खरे माप तराजूचे. बॉनेटच्या आतल्या चिठ्ठीवर ‘इतके ग्रॅम गॅस’ असे छापलेले असते, ते याचसाठी.

मग गळती कोठे असेल? नळ्यांच्या सांध्यांत असू शकते, कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशी असू शकते, खडा लागून कंडेन्सरला भोक पडलेले असू शकते. रबरी नळ्यांतूनही वर्षाकाठी थोडासा गॅस झिरपतोच. पण सर्वांत आधी पाहावी अशी, आणि सर्वांत स्वस्तात दुरुस्त होणारी, जागा म्हणजे गॅस भरण्याची दोन तोंडे. एक कमी दाबाच्या नळीवर असते, दुसरे जास्त दाबाच्या. दोन्ही चुकून बदलली जाऊ नयेत म्हणून त्यांचे व्यास मुद्दाम वेगळे, १३ आणि १६ मिलिमीटर, ठेवलेले असतात. टोपणांवरही एल आणि एच ही इंग्रजी अक्षरे असतात.

टोपण काढून आत डोकावले, तर मधोमध एक चकचकीत टोक दिसते. ही पिन. स्कूटरच्या चाकात हवा भरताना तुम्ही पाहता, तिचीच ही बहीण. (आपल्या साध्या सायकलीच्या चाकात मात्र रबरी नळीची वॉलट्यूब असते, ती जात निराळी.) जर्मनीहून न्यूयॉर्कला गेलेल्या ऑगस्ट श्रेडर नावाच्या कारागिराच्या दुकानात रबराच्या वस्तूंना पितळी भाग बसवता बसवता ही झडप घडली. १८९३ साली तिला पेटंट मिळाले. चाकासाठी निघालेली ही युक्ती पुढे मोटारीच्या एसीत, फ्रिजच्या दुरुस्तीत, जेथे जेथे दाबाखालचे काही भरायचे-काढायचे असते तेथे गेली.

पंक्चरवाल्याकडून एक निकामी पिन मागून आणा आणि निरखा. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर, जाडी पाच मिलिमीटर. बाहेर आटे पाडलेली पितळी पुंगळी, तिच्यातून आरपार गेलेली एक काडी, काडीच्या टोकाला रबर बसवलेली टिकली आणि टिकलीला पुंगळीवर ओढून धरणारी एक स्प्रिंग. पुंगळीच्या बाहेरूनही एक कडी असते. ती पुंगळी आणि नळी यांच्यामधली फट बुजवते. काडी वरून दाबली की टिकली खाली सरकते, वाट मोकळी होते. सोडली की बंद.

यातली हुशारी अशी, की आतला दाबच टिकलीला घट्ट करतो. टिकलीचा व्यास ३ मिलिमीटर धरा. क्षेत्रफळ झाले सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर. त्याला ७ ने गुणले की अर्धा किलोग्रॅम जोर येतो. स्प्रिंग फक्त सुरुवातीला आधार देते, पुढचे काम कैदीच करतो. स्वतःच तुरुंगाचे दार लावून धरणारा असा कैदी विरळा!

पण रबर म्हातारे होते. एंजिनाची धग, कॉम्प्रेसरचे तेल आणि वर्षे यांनी ते कडक होते, चिरते. टोपण हरवलेले असले तर धूळ आत बसते आणि गॅस भरणाऱ्याने काडी दाबली की ती टिकलीखाली चिरडली जाते. दुसरी चूक म्हणजे घाईत चाकाचीच पिन एसीला बसवणे. चणीने ती सारखी दिसते, पण चाकातली हवा आणि एसीतला गॅस-तेल यांना एकच रबर चालत नाही. भलते रबर फुगते, सुटते.

काकांच्या गाडीचे एक टोपण नव्हतेच. तोंडाभोवती तेलकट धूळ साचली होती. गॅसबरोबर तेलही फिरते, तेव्हा गळतीच्या जागी ते अशी खूण सोडते. काका या वेळी दुसऱ्या कारागिराकडे गेले, मी सोबत होतो. त्याने तोंडात साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडले. थोड्या वेळाने एक बुडबुडा आला, फुटला. दहा-एक सेकंदांनी दुसरा.

“एवढ्याने काय होते?” काका म्हणाले. आपण हिशेब करू. बुडबुडा ५ मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्याचे घनफळ ०.०६५ घन सेंटिमीटर. या गॅसच्या एक लिटर वाफेचे वजन सुमारे ४ ग्रॅम. म्हणजे एका बुडबुड्यात पाव मिलिग्रॅमहून थोडा अधिक गॅस. दहा सेकंदांना एक, तर दिवसाला ८,६४० बुडबुडे, म्हणजे सव्वादोन ग्रॅम. दिवाळीपासून एप्रिलपर्यंत दीडशे दिवस धरा: साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास! काकांचा गॅस दर उन्हाळ्याच्या तोंडाशी का ‘संपत’ होता, याचे उत्तर त्या दोन थेंबांत होते.

पिन बदलायची कशी? आटे सोडवून नवी बसवली, एवढे सोपे नाही आणि कोणी घरी पाना घेऊन हा उद्योग करू नये. पाच मिलिमीटरच्या पुंगळीवर ७ किलोग्रॅमचा दाब म्हणजे जवळजवळ दीड किलोग्रॅमचा धक्का, आणि पिनेचे स्वतःचे वजन ग्रॅम-दीड ग्रॅम. शेवटचा आटा सुटताच ती गोळीसारखी उडते. मागोमाग येणारा द्रव कातडीवर उकळतो आणि तेथली उष्णता ओढून घेतो. कातडी गोठते. डोळ्यात गेला तर डोळाच धोक्यात.

सरळ रीत म्हणजे यंत्र लावून सगळा गॅस सिलिंडरमध्ये परत ओढून घ्यायचा, नळ्या रिकाम्या झाल्या की पिन काढायची. एक हुशार अवजारही मिळते. ते दोन दारांच्या खोलीसारखे असते. तोंडावर घट्ट बसवायचे, त्यातल्या दांड्याने पिन सोडवून खोलीत ओढायची, मग तिच्यामागचा गोल कॉक फिरवून आतले दार बंद करायचे. आता बाहेरचे दार उघडून जुनी पिन काढा, नवी घाला आणि उलट्या क्रमाने बसवा. गॅस सगळा आतच राहतो.

काकांच्या गाडीतला गॅस निम्म्यावर आला होता, म्हणून आमच्या कारागिराने पहिली रीत धरली. यंत्राच्या तराजूने परत आलेला गॅस मोजला: १९० ग्रॅम. चिठ्ठीवर होते ५००. नव्या पिनेच्या कडीला एसीचेच तेल लावून त्याने ती आधी बोटांनी फिरवली, मग छोट्या पान्याने अगदी हलका पीळ दिला. जोर केला तर पितळी आटे जातात.

मग अर्धा तास निर्वात पंप चालला. हा कशासाठी? नळ्यांत शिरलेली हवा आणि ओल काढण्यासाठी. दाब ४२ मिलिबारपर्यंत उतरला की पाणी ३० अंशालाच उकळते आणि वाफ होऊन पंपातून निघून जाते. ही ओल राहिली तर बारीक छिद्राशी बर्फ होऊन वाट अडते. नंतर पंप थांबवून काटा हलतो का ते पाहिले. हलला नाही. पण कारागीर तेवढ्यावर समाधानी नव्हता, आणि ते मला फार आवडले. निर्वात असताना बाहेरची हवा टिकलीला आत ढकलते, म्हणजे उघडायला पाहते, आणि जोर जेमतेम १ किलोग्रॅमचा. खरी परीक्षा ७ आणि १५ किलोग्रॅमची, तीही उलट दिशेने. म्हणून वजन करून गॅस भरल्यावर त्याने पुन्हा साबणाचे पाणी घातले. पाच मिनिटे आम्ही तिघे त्या थेंबाकडे पाहत उभे होतो. बुडबुडा आला नाही.

हा गॅस हवेत सोडून का देत नाहीत, हे सांगितले पाहिजे. पूर्वी मोटारींत आर-१२ वापरत. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवले, की अशा गॅसांतला क्लोरीन वरच्या ओझोन थराचा नाश करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचे भगदाड आढळल्याचे जाहीर झाले आणि १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराने त्या गॅसांना निरोप दिला. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ ए मध्ये क्लोरीन नाही, पण उष्णता अडवून धरण्यात तो वजनाला वजन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. काकांच्या गाडीतला ५०० ग्रॅम गॅस म्हणजे ७०० किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइड. सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्यावर निघतो तेवढा! २०१६ च्या किगाली येथील दुरुस्तीने असले गॅसही टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. नव्या गाड्यांपैकी अनेकींत आता आर-१२३४ वायएफ असतो. तो हवेत फार दिवस टिकत नाही, मात्र थोडासा ज्वालाग्राही आहे. गॅस कोणताही असो, पिनेचे काम तेच.

कारागिराने शेवटी दोन्ही तोंडांवर नवी टोपणे बसवली. टोपणाच्या आत रबराची कडी असते, ते पिनेच्या वरचे दुसरे कुलूप. जुनी पिन मी मागून घेतली आणि शाळेतल्या भिंगाखाली धरली. टिकलीच्या रबरावर केसाएवढी चीर होती, आणि चिरेत रुतून बसलेला वाळूचा एक कण.