घरातला स्पीकर काय ऐकतो?

प्रश्न : मुलाने स्मार्ट स्पीकर आणला आहे. तो सगळे बोलणे टिपून कंपनीला पाठवतो, असे स्वयंपाकाच्या मावशी म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : सरसकट तसे नाही. मायक्रोफोन सतत चालू असला, तरी ‘अलेक्सा’सारखी ठरावीक हाक स्पीकर स्वतःच ओळखतो आणि सहसा त्यानंतरचेच बोलणे कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, मात्र मालिकेतल्या एखाद्या मिळत्याजुळत्या शब्दानेही तो जागा होतो, त्यामुळे मावशींची शंका अगदीच निराधार नाही. ॲपमधील आवाजाच्या नोंदी आपणास पुसता येतील. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला लागू नाही, म्हणून मावशींना विचारणे आपल्यावरच येते. त्यांना नको असल्यास त्या असेपर्यंत मायक्रोफोनचे बटण बंद ठेवावे.