बोट कुठं अडतं ते बघ

अगं छोटी, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, स्क्रीन चांगली की वाईट हे ओळखायचं कसं?" पुण्याच्या नव्या नोकरीत रोज तुझ्यापुढे स्क्रीन येतात, सगळ्याच देखण्या, म्हणून गोंधळतेस. मी काही डिझाइन शिकले नाही. पण वणीत सेतू केंद्रात बसून लोकांचे अर्ज भरते ना, तिथं कळलेलं सांगते. स्क्रीन नंतर बघ. आधी माणसाचं बोट कुठं अडतं ते बघ.

परवा एक काका आले. नातवाच्या मोबाइलवर घरीच अर्ज भरायला बसले होते. पिनकोड टाकला ४४५३०४, आपल्या वणीचाच. स्क्रीनवर लाल अक्षरं: 'अवैध'. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मला म्हणाले, "बाई, माह्यंच काहीतरी चुकून राह्यलं." मी बघितलं तर कीबोर्ड मराठी होता आणि त्या चौकटीला फक्त इंग्रजी आकडे चालत होते. अख्खा अर्ज मराठीत, आणि मराठी ४ कळेना! आकडे दहाच, मशीनने आपसूक बदलून घ्यायला काय हरकत होती? तेही नाही तर निदान 'आकडे इंग्रजीत टाका' एवढं तरी सांगायचं. ते 'माह्यंच चुकलं' ऐकलं ना, की माझ्या पोटात तुटतं. तुझ्या स्क्रीनपुढे कोणी तसं म्हणालं तर आधी स्क्रीन तपास, माणूस नंतर.

जन्मतारखेचंही तेच. कॅलेंडर आजच्या महिन्यावर उघडतं आणि १९५७पर्यंत एकेक महिना मागं जायचं. तेवढ्यात वेळ संपते, पान उडतं. आणि ती फिकट राखाडी अक्षरं! एसीत बसून छान दिसतात, पण मे महिन्यात इथं उन्हात फोन धरून बघ, नुसता पांढरा पडदा.

एकदा माझ्याच हातून झालं. 'सादर करा' आणि 'रद्द करा' शेजारी-शेजारी, एकाच रंगात. घाईत बोट रद्दवर पडलं. 'नक्की का?' असंही विचारलं नाही, अर्धा तास भरलेलं सगळं गेलं. ज्यांचा अर्ज भरत होते त्या आजी एसटीने आल्या होत्या, शेवटच्या गाडीची वेळ झालेली. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा यावं लागलं. तेव्हापासून मी आधी हेच बघते की चुकलं तर परत फिरता येतं का.

चांगलं बघायचं असेल तर मतदान यंत्र आठव. नाव, चिन्ह, शेजारी निळं बटण. दाबलं की लाल दिवा लागतो, बीप वाजते, काचेमागं चिठ्ठी ७ सेकंद दिसते. वाचता न येणाऱ्यालाही कळतं की आपलं मत पडलं. त्याची घडण आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागातल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी केली. त्यांचं काम मुळातून वाच, तुझ्या कामाचं आहे.

आणि दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस माझ्या शेजारी खुर्ची टाकून बस. सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झालेली असते, कापसावर बोटं सोललेली माणसं येतात. अंगठा लावायला सांगितला तर यंत्र ठसा घेत नाही. मी तीनदा पुसून देते, तू जवळून बघ.