नळाची चावी

पोरी, सेक्रेटरी झालीस, बरं वाटलं. आपल्या कमिटीत साठीच्या आतलं माणूस आजवर कुणी बघितलं नव्हतं. काल जिन्यात म्हणालीस, ‘आबा, मैदानाची पार रया गेलीय, यंदा पोरांना घेऊन झाडं लावू या.’ जिन्यात उभ्या उभ्या उरकण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून आज बोलावलं. महापालिकेच्या उद्यान खात्यात मी माळी म्हणून लागलो नि मुकादम होऊन सुटलो. झाडांचं मला थोडंफार कळतं. पोरांचं कळायला मात्र निवृत्तीनंतरची दहा वर्षं गेली.

पहिलं काम झाडाचं नाहीच. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर ‘येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे’ असं लिहिलंय, त्यावर चुना मार. मीच लिहून घेतलं होतं ते. ज्यांना रोज पाटी दाखवायची, त्यांनाच रविवारी फावडं घेऊन या म्हणायचं, हे कसं जमावं? आणि खेळतील कुठे ती? आपल्या खोल्या त्या केवढ्या! या बिल्डिंगी बांधल्या तेव्हा म्हाडा नव्हतंच, हाउसिंग बोर्ड होतं; म्हाडा आलं 1977 साली. बोर्डानं खोल्या लहान दिल्या, पण मधे जागा मोकळी सोडली. पोरं जेवाय-झोपायला घरात आणि बाकीचा वेळ मैदानात, अशीच वाढली. तूही तशीच वाढलीस.

माझ्या पहिल्या वर्षाची फजिती ऐक. खात्यातली सवय, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी धरली, दहा-दहा फुटांवर फक्की टाकली, पन्नास खड्डे मारले. पोरांच्या हातात एकेक रोप दिलं, फोटो काढले, वडापाव दिला. दिवाळीला मोजली तर सात उरलेली. मुद्दाम मोडली म्हणून एकाची बॅट जप्त करून माळ्यावर टाकली. नववीतला पोरगा, रडला नाही की उलटून बोलला नाही. म्हणाला, ‘आबा, तुमचं तिसऱ्या लायनीतलं झाड आमच्या बॉलरच्या रनअपमध्ये येतं. चला, दाखवतो.’ गेलो. त्यानं भिंतीपासून पळत येऊन दाखवलं, आणि अकराव्या पावलाला बरोबर माझा बांबू. आधी माणसं कुठून चालतात ते बघावं, मग वाफा आखावा, हे मी नव्या माळ्यांना शिकवायचो. स्वतःच्या दारात विसरलो.

तेव्हा पोरांना झाडं लावायला बोलावू नकोस. झाड कुठे नको, ते सांगायला बोलाव. फक्कीची पिशवी त्यांच्याकडे दे नि तू गप्प बाकावर बस. पिच कुठे, बॉल कुठल्या काचेवर जातो, बारकी पोरं लपाछपीला कुठे लपतात, सगळं तासाभरात जमिनीवर उमटतं. उरेल ती जागा झाडांची. मुलींना वेगळं विचार, मुलग्यांसमोर त्या बोलत नाहीत. बारा-तेराच्या झाल्या की मैदानात दिसेनाशा होतात, ते तुला मी काय सांगू. आपल्या मुलींनी फुलझाडं मागितलीच नव्हती. ट्रान्सफॉर्मरकडच्या कोपऱ्यात एक दिवा आणि तीन बाकं मागितली, आणि जास्वंदीचं कुंपण कमरेच्या वर जाऊ देऊ नका म्हणाल्या. पलीकडून कोण येतंय ते दिसायला हवं. आयुष्यभर कुंपणं छाटली मी, उंचीचं हे कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता लागवडीचं. 5 जूनला पर्यावरण दिन म्हणून फोटोवाले येतील, त्यांना चहा पाज नि वाटेला लाव. मुंबईत पाऊस धरायचा 11 जूनच्या सुमाराला, तोही कधी कधी दडी मारतो. पाच तारखेचं रोप उन्हात उकडून मरतं. खड्डे मात्र मे महिन्यातच मारून तापू दे, दोन फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. आपल्याकडे हातभर खाली मुरूम आणि विटांचे तुकडे लागतात, पहारीशिवाय जमत नाही. हे काम दांडग्या पोरांना भारी आवडतं, पैज लावून खणतात. निघालेला राडारोडा परत खड्ड्यात ढकलू देऊ नकोस. तांबडी माती, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. भरण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघायचं. तासाभरानेही तसंच दिसलं तर तिथे झाडाच्या मुळ्या कुजणार, तिथे कर्दळ नाहीतर अळू लाव. दोन-तीन सरी चांगल्या कोसळल्या की मग रोपं. छातीएवढं रोप हवं. वीतभर उंचीची फुकट मिळतात म्हणून आणलीस तर पहिल्याच चौकाराला संपतील. बांबूला बांधायला सुतळी नको, खोडात रुतते. जुन्या साडीची चिंधी घे, आठच्या आकड्यासारखा वेढा दे, म्हणजे वाऱ्याला झाड हलतं राहतं नि बुंधा धरतो.

काय लावायचं ते मात्र पोरांवर सोडलंस तर गुलमोहर म्हणतील. दिसतो छान, मादागास्करचा पाहुणा आहे, पण आपल्या पावसात उन्मळतो, फांद्या टाकतो. मैदानाच्या कडेला नको. तामण लाव, आपलं राज्यफूल आहे; बहावा, करंज, बकुळ, कडुनिंब लाव. पण एक गोम आहे. बहाव्याला फुलायला वर्षं लागतात आणि पोरांचा धीर असतो एका इयत्तेचा. म्हणून प्रत्येक हळू झाडाशेजारी एक घाईचं झाड दे. शेवग्याची जाड फांदी खोचली की वर्षाच्या आत शेंगा धरते, पपई साधारण तेवढ्यातच खायला मिळते. शेंगा कुणाच्या घरी किती जाव्यात यावरून भांडणं होतील. होऊ देत. ज्या झाडावरून भांडण होतं ते झाड कुणी मोडत नाही.

आणि लिंबू एक तरी लाव. काटे आहेत, तेव्हा कडेला. आपल्याकडे सातवीतली एक पोर रोज शाळेतून आल्यावर लिंबापाशी वाकून उभी राहायची. एकदा मी औषधाचा पंप घेऊन गेलो, पानं कुरतडलेली दिसली होती. ती मधे आडवी आली. ‘आबा, ती पक्ष्याची शिट नाहीये, बघा.’ चष्मा पुसून बघितलं. चिमुकली अळी, काळपट, पांढरा डाग पडलेली, हुबेहूब शिट. शेजारच्या पानावर तिचीच मोठी बहीण, हिरवीगार. पोरीनं गवताच्या काडीनं हलकेच टोचलं, तर डोक्यातून लालभडक दुहेरी शिंग बाहेर आलं नि कसला तरी उग्र वास सुटला. मॉरमॉन फुलपाखराची अळी. याच जातकुळीतला ब्लू मॉरमॉन 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. मी पंप घेऊन परत फिरलो. आठवडाभरात बिल्डिंगीतली निम्मी पोरं लिंबाभोवती. माझ्या पन्नास रोपांनी जे झालं नव्हतं ते एका अळीनं केलं.

खरी परीक्षा मे महिन्यात. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला पाणी हवं, आणि नेमकी तेव्हाच अर्धी वसाहत गावाला. कुणी कोकणात, कुणी साताऱ्याला. मार्चपासूनच यादी कर, कोण कधी जाणार, कोण राहणार. राहणारी असतात ती बहुतेक कामाला जाणारी नाहीतर क्लासवाली मोठी पोरं. रात्री दहाला कट्ट्यावर बसतात ना, तीच. त्यांना सगळे टपोरी म्हणतात. त्यांच्याकडे पाणी दे, रात्री घातलेलं पाणी उन्हात उडतही नाही. प्रत्येक रोपाजवळ साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवायचं, दोन-तीन दिवसांनी भरलं की ते झिरपत राहतं. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डासांची पैदास होऊन डेंग्यूवाले नोटीस लावतील. आळ्यात वाळलेला पाला अंथर. पाला जाळू नका हे झाडूवाल्यालाही सांग, आणि पोरांकडून सांगव. माझ्यावर तो चिडतो, पोरांवर हसतो.

होळीच्या आठवडाभर आधी मंडळाच्या पोरांना गाठ. जी पोरं होळीला फांद्या तोडतात तीच गणपतीला मांडवाचे बांबू रोवायला खड्डे मारतात, आणि त्यांच्याइतकी कामाची पोरं वसाहतीत दुसरी नाहीत. वर्षभर पडलेल्या सुक्या फांद्या पंपाच्या खोलीमागे साठवून ठेव, होळीला त्यांच्या हवाली कर. मांडवाची जागा फक्कीच्या नकाशावर आधीच दाखव. विसर्जनानंतर बुंध्यांवरचे खिळे आणि रोषणाईच्या तारा काढायचं काम मंडळाला दे. पकड, हातोडी आणि एक बरणी. खिळे बरणीत मोजून टाकायचे. आमची पहिली बरणी एका पर्जन्यवृक्षालाच भरली होती. त्यात 1980च्या निवडणुकीच्या बॅनरचा एक गंजलेला खिळा होता, असं निदान मंडळाचा खजिनदार तरी शपथेवर सांगतो.

‘आबा, टॉवर येणार, मग कशाला लावायचं?’ हे तुला विचारतीलच. खोटं बोलू नकोस, रिडेव्हलपमेंट आज ना उद्या येणार. मोठ्या पोरांना त्यासाठीच एक वही दे. वसाहतीतलं प्रत्येक जुनं झाड, जात, जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर, आणि ते कुणी कधी लावलं ते म्हाताऱ्यांना विचारून. झाडांचा कायदा 1975चा आहे, पण 2021च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला हेरिटेज झाड म्हटलंय, आणि तोडायचं झालं तर त्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी रोपं लावायची. म्हणजे वय कागदावर असणं महत्त्वाचं. उद्या बिल्डरसमोर बसशील तेव्हा ही वही तुझ्या पिशवीत असू दे. आणि लक्षात ठेव, फांदी छाटायलाही महापालिकेची परवानगी लागते. पोरांच्या हातात कोयता देऊन मोकळी होऊ नकोस.

बारीकसारीक सांगतो, झरझर ऐक. पावसात अनवाणी कुणी नको, उंदरांची बिळं आहेत, लेप्टोची भीती. पन्नास पोरं गोळा करू नकोस, पाच धर. पाचाची पंधरा आपोआप होतात. कॉलेजमध्ये एन.एस.एस. घेतलेल्यांना वर्षाला 120 तास भरायचे असतात, त्यांच्या कॉलेजला पत्र दे, तास इथेच भरतील. व्हॉट्सॲप ग्रुप काढलास तर ॲडमिन पोरं. म्हाताऱ्यांना घेऊ नकोस, गुड मॉर्निंगची फुलं टाकून खरी फुलं विसरायला लावतील. मला तर मुळीच घेऊ नकोस.

ही घे बागेच्या नळाची चावी. सोसायटीकडे दुसरी नाही. आटे गेलेत, उलट्या बाजूला अर्धा फेरा देऊन मग सुलट फिरवायची, म्हणजे लागते. त्या बॅटवाल्याला दे, आता बारावीला आहे तो. आणि माळ्यावर त्याची बॅट पडलीय, तीही घेऊन जा. उंची तुझी पुरणार नाही, तो स्टूल ओढ.