देणगीचे आवाहन आणि त्यातील माणूस

लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेस आपल्या कार्याची हकीगत सांगावीच लागते. ती आकड्यांनी सांगावयाची की एखाद्या माणसाच्या कहाणीने, हा खरा प्रश्न. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी अमेरिकेत केलेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याचे एक उत्तर सापडते. प्रश्नावली भरून दिल्याबद्दल प्रत्येकास पाच डॉलर देऊन, त्यांतून काही दान करण्याची संधी त्याला देण्यात आली. आफ्रिकेतील अन्नटंचाईची आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. मालीमधील सात वर्षांच्या एका मुलीची हकीगत वाचणाऱ्यांनी २.३८ डॉलर दिले. हकीगतीला आकडेवारीची जोड दिली तेव्हा मात्र सरासरी १.४३ डॉलरवर उतरली. निधी जमविणाऱ्यांना ही गोष्ट प्रयोगाशिवायही ठाऊक होती, आणि तिच्यातला धोकाही जुनाच आहे.

डब्लिनमध्ये १८४५ साली जन्मलेले टॉमस बर्नार्डो यांनी १८७० मध्ये लंडनच्या स्टेपनी भागात निराधार मुलांसाठी वसतिगृह उघडले. तेथे येणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली जात. नोंदीसाठी आणि पळून गेलेले मूल ओळखण्यासाठी ती उपयोगी होती, हे नाकारता येणार नाही. परंतु त्यांचा दुसराही एक उपयोग होता. एका चित्रात चिंध्या पांघरलेले पोर, दुसऱ्यात तेच पोर नीटनेटक्या पोशाखात कामाला लागलेले, अशा जोड्या छापून त्या विकल्या जात. दोन चित्रांमध्ये जणू कित्येक महिन्यांचे संगोपन सामावलेले आहे असे पाहणाऱ्यास वाटे. प्रत्यक्षात काही मुलांना चित्रापुरतेच त्या फाटक्या वेशात उभे केले होते, असा आक्षेप पुढे आला. बर्नार्डो यांच्या संस्थेवरील अनेक आरोपांबरोबर हा आक्षेपही १८७७ मध्ये लवादापुढे गेला.

बर्नार्डो यांचा बचाव लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे, कारण आजही तो वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो. ही चित्रे एकेका मुलाची नसून रस्त्यावरील मुलांच्या सबंध वर्गाची आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. तशी मुले लंडनमध्ये हजारोंनी होती, हे खरेच होते. लवादाने संस्थेचे कार्य खरे व साहाय्यास पात्र ठरविले आणि बहुतेक आरोपांतून बर्नार्डो यांना मुक्त केले. पण विशिष्ट मुलाला त्याची नसलेली स्थिती चिकटविण्याची ही रीत मात्र नैतिकदृष्ट्या गैर ठरविली. मला हा निर्णय योग्य वाटतो. एका वर्गाचे दुःख खरे असले म्हणून ते कोणत्याही मुलाच्या अंगावर चढविता येत नाही. त्या मुलाला आई असते, आणि पोराला अनवाणी भीक मागावयास सोडणारी बाई म्हणून त्या आईची शेजारपाजारी बदनामी होते. देणगीदार फसतो तो पाच शिलिंगांनी. तिचे नुकसान मोजता येत नाही.

कहाणी सांगणारा स्वतःच त्या दुःखातला असेल तर प्रश्न सुटतो काय? पंडिता रमाबाई स्वतः विधवा होत्या. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन दिले, आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. रमाबाईंना बोलण्याचा अधिकार होता यात शंका नाही. तथापि कहाणी एकदा परदेशी मंडळाच्या हाती गेली की ती सांगणाराच्या ताब्यात राहत नाही. १८९५ मध्ये ब्रुकलिनमध्ये तेथील रमाबाई मंडळाच्या स्त्रिया आणि स्वामी विवेकानंद यांच्यात वाद पेटला. विधवांच्या हालांचे अतिरंजित चित्र उभे केले जाते असे एका पक्षाचे म्हणणे, ते हाल झाकले जातात असे दुसऱ्याचे. ज्यांच्याविषयी हा वाद चालला होता त्या मुली मात्र समुद्रापलीकडे होत्या.

इथिओपियातील १९८४च्या दुष्काळाची चित्रे जगभर पसरल्यानंतर, १९८९ मध्ये युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी अशा चित्रांसाठी आचारसंहिता स्वीकारली. आपल्याकडे मुलांपुरता प्रश्न कायद्यानेच बराच सोडविला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटविणारा अन्य तपशील तसेच छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे; उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रौढांच्या बाबतीत संमतीचा कागद पुढे केला जातो. परंतु ज्याच्या हातून औषध मिळावयाचे त्याला रुग्ण नाही कसे म्हणणार? म्हणून मदत पूर्ण झाल्यावर, आणि मदत देणाऱ्याने नव्हे तर दुसऱ्या कोणी, संमती विचारावी. लिहिलेली हकीगत त्या व्यक्तीला तिच्या भाषेत वाचून दाखवावी. तिने गाळावयास सांगितलेले वाक्य कितीही परिणामकारक असो, गाळावे. केवळ नाव बदलून भागत नाही. तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘एका पायाने अधू मुलगा असलेली विधवा शिक्षिका’ एवढे वर्णन पुरते. अनेकांच्या अनुभवांतून एक कहाणी रचली असेल तर तसे त्याच पानावर, ठळकपणे छापावे. आणि संमती तारखेसह नोंदवावी, म्हणजे दोन वर्षांनी मुलीचे लग्न ठरत असताना ‘आता ते पत्रक नको’ असा निरोप आला, तर नव्या आवृत्तीतून कोणते पान काढावयाचे हे कार्यालयास लगेच कळेल.