‘आहार कमी’ एवढीच नोंद

एएमएल या ब्लड कॅन्सरची पहिली केमो म्हणजे साधारण महिनाभर वॉर्डातला मुक्काम. केस जातील, ताप येईल, रक्त आणि प्लेटलेट चढवाव्या लागतील, हे सगळं मला आधी सांगितलं होतं. जेवणाबद्दल मात्र एकच सूचना होती: कच्चं आणि बाहेरचं नको. पुढे मला सर्वांत जास्त छळलं ते जेवणानंच.

सुरुवातीची कारणं सरळ होती. तोंड आलं होतं, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. स्टीलच्या चमच्यानं काहीही खाल्लं तरी धातूची चव. उलटी थांबवणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉननं बद्धकोष्ठ होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. पोट तट्ट फुगलेलं असताना भूक कुठून लागणार? यावर उपाय असतात आणि ते मिळालेही: तोंड बधिर करणारं जेल, प्लास्टिकचा चमचा, पोट साफ होण्याचं औषध, फार वास न येणारं कोमट जेवण.

खरी गोची तोंड बरं झाल्यावर झाली. गिळता येत होतं, तरी खावंसं वाटेना. वर्तमानपत्राची घडीही मोडली जात नव्हती, भाचीचा फोन घ्यायचा कंटाळा यायचा. नर्सच्या कागदावर रोज तीच नोंद: ‘आहार कमी’. राउंडला डॉक्टर म्हणत, जेवायचा प्रयत्न करा. अक्का डबा उघडून म्हणायची, “दोन घास तरी खा गं, माझ्यासाठी.” घासापेक्षा त्या ‘माझ्यासाठी’चंच ओझं व्हायचं.

शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, “खायचंय पण जात नाही, की खायचंच नाही?” त्या प्रश्नामुळे मनोविकारतज्ज्ञ माझ्या खाटेपर्यंत आले. तुमच्या माणसालाही हेच विचारा. भूक, झोप, वजन, ताकद आजारानंही जाते आणि नैराश्यानंही, म्हणून तेवढ्यावरून काहीच कळत नाही. आवडीच्या गोष्टीत रस न उरणं, आपण घरच्यांना भार झालोय असं सतत म्हणणं, हे दिसलं तर मनाचे डॉक्टर बोलवायला सांगा. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी.

भूक आणि उमेद अशी जाण्याला नुसते मनाचे खेळ म्हणू नका. शरीरात दाह वाढला की आयएल-६ सारख्या रसायनांचा परिणाम मेंदूवर होतो. भूक मरते आणि सोबत मरगळही येते. उलट, अन्न जातच नसेल तर ब१ जीवनसत्त्वाचा साठा २-३ आठवड्यांत संपू शकतो. मग माणूस गोंधळतो, बरळतो. ‘टेन्शन घेतलंय’ म्हणून ते सोडून देऊ नका.

नारळपाणी आणि पेजेवर आपल्या लोकांची फार श्रद्धा. कॅन्सरच्या रुग्णाला वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६. पेजेत किती असतील, हिशोब तुम्हीच करा. पूर्ण उकडलेलं अंडं, मुगाचं घट्ट वरण, पनीर, दूध पावडर घातलेलं दूध, असं थोडं थोडं बऱ्याच वेळा द्या, वॉर्डात चालतं का ते विचारून. साखरेनं कॅन्सर वाढतो म्हणणारे पाहुणे भेटतीलच. वजन उतरत असताना त्यांचं ऐकू नका. पण बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊही घालू नका. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून जिवावर बेतू शकतं. आणि काट्यावर फार विसंबू नका. सलाइनच्या सुजेत उतरलेलं वजन लपतं.

नैराश्यावरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ मिर्टाझापिन, झोप आणि भूकही वाढवतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी असताना कोणती गोळी चालेल, हे कॅन्सरच्या आणि मनाच्या अशा दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवायचं असतं. ते बोललेत ना, एवढं मात्र विचारा.

अक्कानं पुढे ‘किती खाल्लंस’ विचारणं सोडलं. दुपारी व्हिडिओ कॉल लावून ती तिकडे जेवायची, मी इकडे. बोलणं शेजारणीच्या भांडणांचं. तेवढ्यात वाटी निम्मी व्हायची.

डिस्चार्जच्या कागदावर रक्ततपासणीची तारीख असतेच. आहारतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्या तारखाही लिहून घ्या. घरी रात्री-अपरात्री मन फारच खचलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.