थंडीपेक्षा घामाला भी

अगं, गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघालीस ना, मग आधी बॅगेतले सुती टी-शर्ट आणि जीन्स बाहेर काढ. बर्फात शिकाऊ माणूस गारठतो तो बहुतेक वेळा स्वतःच्याच घामाने. दिवसभर पडायचं, उठायचं, उतार चढून वर यायचं, अंग भिजतं. सुती कपडा तो ओलावा धरून ठेवतो आणि लिफ्टच्या रांगेत उभं राहिलं की हुडहुडी भरते. म्हणून अंगालगत मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं पातळ थर्मल, त्यावर फ्लीस आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. काखेत चेन असलेलं मिळालं तर तेच घे, तापलं की उघडता येते. आईने विणलेला जाड स्वेटर संध्याकाळी हॉटेलात घाल. फोटो पाठव, तिला बरं वाटेल.

सकाळी बाहेर पडताना जरा गारच वाटायला हवं. तेव्हाच उबदार वाटलं, तर एक थर जास्त झालाय.

जानेवारीत, म्हणजे चिल्लई कलानच्या, कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, बर्फ कोरडा असतो. झटकला की पडतो. तेव्हा भर उबेवर. मार्चमध्ये दुपारी ऊन चटकतं, बर्फ पाणेरी होतो. तेव्हा फ्लीस काढून ठेवलास तरी चालेल, पण जॅकेट आणि पँट पक्की वॉटरप्रूफ हवी. लेबलवर 10,000 मिलिमीटर लिहिलेलं असलं की पुरे. तुझा भाऊ स्नोबोर्ड करणार म्हणतो. नवखे स्नोबोर्डवाले निम्मा वेळ बर्फात बसलेलेच असतात, तेव्हा पँटच्या बुडावर आणि गुडघ्यांवर काटकसर करू नका म्हणावं. मनगटाला गार्डही हवेत.

गुलमर्गच्या हवेवरून वरच्या अफरवट डोंगराचा अंदाज बांधू नकोस. गाव सुमारे 2,650 मीटरवर, गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा नेतो 3,950 च्या आसपास. नुसत्या उंचीनेच आठेक अंश उतरतात, वारा वेगळाच. नवशिक्याने तिथून स्कीवर उतरायचं नाहीच, पण बघायला गेलीस तरी जाड थर बरोबर ने.

पायात मोजे एकच जोडी, पातळ आणि गुडघ्याखालपर्यंत. दोन घातले की बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. लांब मफलर नको, लिफ्टमध्ये अडकतो. गळ्यात बसणारी नळीसारखी पट्टी घे. हेल्मेटखाली जाड कानटोपी घालू नकोस, हेल्मेट नीट बसत नाही. ढगाळ दिवशी पिवळट किंवा गुलाबी काचेचा गॉगल लाव, नाहीतर उतारावरचे खड्डे-उंचवटे दिसतच नाहीत. उन्हात गडद काच. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, म्हणून सनस्क्रीन नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही चोपड.

वाटेत टंगमर्गला भाड्याने मिळणारे लांब कोट आणि गमबूट बर्फात फिरायला ठीक, स्कीइंगला नाहीत. स्की, बूट, जॅकेट गुलमर्गला भाड्याने घे. मोजे, गॉगल आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या मात्र घरूनच घेऊन जा.